चिघळण्याचा कर्ता

डिसेंबर २०२१ च्या मध्यावर एका रात्री बेंगळुरूच्या सदाशिवनगर भागातल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यावर काही जणांनी शाई ओतली. त्याची चित्रफीत मोबाइलवरून फिरली. १७ तारखेच्या रात्री तिथून पाचशे किलोमीटरवर, बेळगावात, लोक रस्त्यावर उतरले. गाड्यांच्या काचा फुटल्या आणि उजाडायच्या आत अनगोळमधल्या कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झालेली होती. पाठोपाठ जमावबंदी आली, धरपकड झाली, दोन्ही राज्यांतल्या पुढाऱ्यांची निवेदनं आली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात काय मथळा असेल हे मराठी वाचकाला पेपर न उघडताही सांगता आलं असतं. सीमाप्रश्न पुन्हा चिघळला.

चिघळणं हे क्रियापद मराठी पत्रकारितेचं फार लाडकं. संप चिघळतो, आंदोलन चिघळतं, पाणीप्रश्न चिघळतो, एखाद्या कॉलेजातला वाद चिघळतो. पण त्याचा मुक्काम सगळ्यात जास्त आहे तो सीमाप्रश्नाच्या बातम्यांत. तिथे तो इतका रुळला आहे की तो मुळात दवाखान्यातला शब्द आहे याची आठवणही राहिलेली नाही. चिघळते ती जखम. वेळेवर धुतली नाही, पट्टी बदलली नाही, माशी बसू दिली की ती ओली राहते, कडा पसरतात, पू धरतो. पेटणं, भडकणं, उसळणं या आगीच्या आणि पाण्याच्या शब्दांना एक क्षण पुरतो. चिघळायला दिवस जावे लागतात. या शब्दात हेळसांड गृहीत धरलेली असते, आणि ज्याने बघायला हवं होतं त्याने बघितलं नाही अशी न बोललेली तक्रारही.

व्याकरणाच्या दृष्टीने शब्द अकर्मक आहे. जखम आपोआप चिघळते. तिला कुणी चिघळवत नाही. आगीचे शब्द तसे नाहीत. पेटलं म्हटलं की कुणी पेटवलं हा प्रश्न दाराशी उभाच असतो. काडी लावणारा, तेल ओतणारा, निखाऱ्यावर फुंकर घालणारा, अशी माणसं त्या वाक्प्रचारांतच बसलेली आहेत. चिघळण्याचं प्रयोजक रूप, चिघळवणं, मराठीत आहे; पण ते विरोधकांवर आरोप करताना सभेत वापरायचं. बातमीच्या मथळ्यात ते क्वचितच येतं. मथळ्यात प्रश्न आपला आपण चिघळतो.

बेंगळुरू आणि बेळगाव यांच्यातल्या गेल्या पासष्ट-सत्तर वर्षांकडे पाहिलं की या शब्दाचं निम्मं माप बरोबर आणि निम्मं चूक आहे असं दिसतं. दशकांना तो चपखल बसतो. रात्रींना अजिबात बसत नाही.

दशकांची गोष्ट आधी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना अमलात आली. त्याआधी मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे गेला. चंदगड इकडे राहिला आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्याचा भाग झाला. म्हणजे जिल्ह्याचा तुकडा भाषेच्या आधारावर वेगळा काढता येतो हे तत्त्व त्या दिवशी मान्यच झालं होतं. फक्त ते बेळगाव, खानापूर, निपाणीला लावलं गेलं नाही. तेव्हापासून एकाच तारखेची दोन तोंडं आहेत. १ नोव्हेंबरला बेंगळुरूत राज्योत्सव असतो, लाल-पिवळे झेंडे लागतात, पुरस्कार दिले जातात. त्याच दिवशी बेळगावातले मराठी भाषक काळा दिवस पाळतात आणि काळे कपडे घालून फेरी काढतात.

१९५७ साली मुंबई राज्याने केंद्राकडे निवेदन दिलं. मागणी ८१४ गावांची होती. तिला चार आधार होते: खेडं हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. नऊ वर्षं गेली. १९६६ मध्ये सेनापती बापट उपोषणाला बसले. वय ऐंशीच्या पुढे, मुळशी सत्याग्रहाचा नायक. त्यांच्या जिवाचं काही झालं असतं तर महाराष्ट्र आवरला नसता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावं म्हैसूरला, आणि बेळगाव शहर आहे तिथेच राहावं. महाराष्ट्राने तो फेटाळला. म्हैसूरने, म्हणजे १९७३ नंतरच्या कर्नाटकाने, तोच अंतिम धरला. आयोगाची मागणी महाराष्ट्राची होती आणि अहवाल कर्नाटकाला प्यारा ठरला, हा या प्रकरणातला एक कडवट विनोद आहे. केंद्राने अहवाल स्वीकारलाही नाही आणि बासनात बांधून टाकूनही दिला नाही. मराठीत याला भिजत घोंगडं ठेवणं म्हणतात. जखमेच्या बाबतीत यालाच चिघळू देणं म्हणतात.

फेब्रुवारी १९६९ मध्ये ही जखम मुंबईत फुटली. उपपंतप्रधान मोरारजी देसाईंची गाडी माहीमला अडवण्याचा प्रयत्न शिवसैनिकांनी केला, बाळासाहेब ठाकऱ्यांना अटक झाली आणि शहर अनेक दिवस दंगलीत सापडलं. पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यांच्यापैकी कितीजणांनी बेळगाव पाहिलं होतं हा प्रश्न त्या वेळीही कुणी विचारला नसावा.

इथपर्यंत चिघळणं हा शब्द बिनतक्रार चालतो. पुढे बेंगळुरू या गोष्टीत येतं आणि या शब्दाची अडचण सुरू होते.

बेंगळुरूशी मराठीचं नातं सीमाप्रश्नाहून तीनशे वर्षांनी जुनं आहे. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेलं हे गाव १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने, रणदुल्लाखानाच्या सेनापतित्वाखाली, घेतलं. त्या फौजेत शहाजीराजे होते आणि बेंगळुरूची जहागीर त्यांच्याकडे आली. त्यांचा दरबार कसा होता हे जयराम पिंड्ये या कवीच्या 'राधामाधवविलासचंपू'त दिसतं. संस्कृतपासून कन्नडपर्यंत अनेक भाषांचे कवी तिथे हजेरी लावत असल्याचं त्यात आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो ग्रंथ छापून आणला म्हणून मराठी वाचकाला ते माहीत झालं. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाला शहाजीपुत्र एकोजीने १६६९ मध्ये गाव इनाम दिल्याचा लेख आहे. शहाजीराजांचा अंत १६६४ मध्ये शिकारीत झाला, तोही आजच्या दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरे इथे. एकोजी पुढे तंजावरला गेला, आणि १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाकडून बेंगळुरू तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं. एक अख्खं शहर पैसे मोजून हातोहात बदललं. आजच्या भाषिक स्वाभिमानाच्या हिशोबात हा व्यवहार कुठल्या रकान्यात घालायचा हे कुणालाच सुचत नाही, म्हणून दोन्ही बाजू त्याचा उल्लेख टाळतात.

सत्ता गेली, माणसं राहिली. गवीपुरमचा गोसावी मठ, पेठांमधले भावसार आणि नामदेव शिंपी, गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ, घरात कन्नड वळणाची मराठी आणि दारात अस्सल कन्नड बोलणारी कुटुंबं. या लोकांना बेळगावच्या मराठी माणसाचं राजकारण फारसं कळत नाही आणि पुण्याच्या मराठी माणसाला यांची मराठी कळत नाही. शहरात काही तणाव असला की ते कन्नडच्या 'गलाटे'वरून केलेला 'गलाटा' हा शब्द वापरतात. चिघळण्याची चर्चा करायला त्यांना सवड नसते. आज गलाटा आहे का आणि बस चालू आहेत का, एवढंच आधी विचारायचं.

कन्नडिगांच्या मनातली जखम वेगळी होती आणि तीही खरी होती. राजधानी आपली, पण छावणी भागात इंग्रजी आणि तमिळ, बाजारात उर्दू आणि तेलुगू, कारखान्यांत सगळीकडचे लोक. आपल्याच शहरात आपली भाषा मागे राहते अशी ती खंत. १९८१ मध्ये कवी वि. कृ. गोकाक यांच्या समितीने शाळांत कन्नडला प्रथम भाषेचं स्थान द्या असा अहवाल दिला. सरकारने चालढकल केली. १९८२ मध्ये नटसार्वभौम राजकुमार चळवळीत उतरले आणि साहित्यिकांच्या सभांपुरतं असलेलं आंदोलन एकाएकी लाखोंचं झालं. कन्नड अस्मितेला रस्त्यावरची ताकद मिळाली ती तेव्हा, आणि ती बेळगावच्या मराठीविरुद्ध उभी राहिलेली नव्हती. पण चार वर्षांनी, १९८६ मध्ये, कन्नडसक्तीची झळ बेळगावच्या मराठी शाळांना लागली. जूनमध्ये महाराष्ट्रातून सत्याग्रही निघाले. शरद पवार त्यात होते, छगन भुजबळ वेश पालटून बेळगावात शिरले. पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक मेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही बेळगावजवळ हिंडलग्याला १ जूनला लोक जमतात. बेंगळुरूत एका कारणासाठी तयार झालेलं औषध बेळगावात दुसऱ्याच जखमेवर चोळलं गेलं, असं या चार वर्षांबद्दल म्हणता येईल.

एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कन्नड वृत्तपत्रंही अशा वेळी आजाराचाच शब्द वापरतात. तिकडे वाद 'उल्बण' होतो. संस्कृतातला हा शब्द आयुर्वेदातून आलेला. सन्निपातात कुठला दोष बळावला आहे त्यावरून एकोल्बण, द्व्युल्बण असे प्रकार वैद्यांनी केले होते. ताप उल्बण होतो तसा सीमावाद उल्बण होतो. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या संपादकांनी, एकमेकांचं न वाचता, आजाऱ्याच्या खाटेशी बसून बातमी लिहायचं ठरवलेलं दिसतं. दोघांच्याही लेखी रोग आहे, रोगी आहे. रोग लावणारा नाही.

इंग्रजीतला शब्द याच्या उलट टोकाचा. 'एस्कलेट' हे क्रियापद सरकत्या जिन्यातून निघालं. 'एस्कलेटर' हे नाव चार्ल्स सीबर्गरने घडवलं, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटिस कंपनीचा तो जिना गाजला आणि ते नाव पुढे ओटिसचा नोंदलेला व्यापारी शिक्का बनलं. १९५० मध्ये अमेरिकेत तो हक्क गेला, कारण तोवर शब्द सर्वांचा झाला होता. लढाईच्या संदर्भात तो आला तो शीतयुद्धात. हर्मन कान नावाच्या रणनीतितज्ज्ञाने १९६५ च्या पुस्तकात अण्वस्त्रयुद्धापर्यंतच्या ४४ पायऱ्याच मांडून दाखवल्या. मग व्हिएतनाम आलं आणि तो शब्द रोजच्या बातम्यांत जाऊन बसला. थंड डोक्याची, अंगावर काटा आणणारी ती मांडणी होती, पण तिच्यात एक प्रामाणिकपणा होता. प्रत्येक पायरीवर कुणीतरी पाय ठेवतं, आणि ठेवण्याआधी थांबू शकतं.

आज हा शब्द सगळ्यात जास्त कुठे ऐकू येतो तर बेंगळुरूतच, व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीच्या इमारतींमध्ये. पुण्या-नाशिकहून तिथे गेलेली मराठी मुलं दिवसातून दहादा म्हणतात, 'क्लायंटने एस्कलेट केलंय', 'मॅनेजरकडे एस्कलेट कर'. तिथे त्याचा अर्थ भांडण वाढवणं असा नाही. आपल्या पातळीवर सुटत नसलेली अडचण, ज्याला निर्णय घेता येतो त्याच्याकडे वर पाठवणं, एवढाच. कोणाकडून किती तासांत कोणाकडे जायचं याचे तक्ते भिंतीवर लावलेले असतात. याच अर्थाने पाहिलं तर महाराष्ट्र सरकारने सीमाप्रश्न २००४ मध्ये रीतसर एस्कलेट केला आहे. सर्वोच्च न्यायालयात कर्नाटक आणि केंद्राविरुद्ध दावा दाखल झाला. आयटी कंपनीत वीस वर्षं उघडी राहिलेली तक्रार कुणी कल्पनाही करू शकणार नाही.

दावा दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी बेंगळुरूतल्या पायऱ्या स्पष्ट दिसू लागल्या. २००५ च्या ऑक्टोबरात बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. तिथे महाराष्ट्र एकीकरण समितीचं बहुमत होतं, पण राज्य सरकारला डिवचायला तो पुरेसा आहे हे ठराव मांडणाऱ्यांना कळत नव्हतं असं मानणं त्यांच्या बुद्धीचा अपमान ठरेल. ११ नोव्हेंबरला महापौर विजय मोरे बेंगळुरूत असताना कन्नड संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्यांना गाठून तोंडाला काळं फासलं. निवडून आलेल्या महापौराला राज्याच्या राजधानीत मिळालेली ही वागणूक. महाराष्ट्रात त्याचे पडसाद उठले. त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने महापालिका बरखास्त केली, म्हणजे ज्याच्यावर हल्ला झाला त्याचंच पद गेलं. २००६ मध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन पहिल्यांदा बेळगावात भरलं आणि २०१२ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते तिथल्या सुवर्ण विधानसौधाचं उद्घाटन झालं. बेंगळुरूच्या विधानसौधाचीच ती आवृत्ती. वर्षातून एक अधिवेशन तिथे होतं आणि ते सुरू होण्याच्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळावा बोलावते. २०१४ च्या १ नोव्हेंबरला एकाच फटक्यात बारा शहरांची नावं बदलली: बँगलोरचं बेंगळुरू झालं आणि बेळगावचं बेळगावी. पहिल्या बदलाने कुणाचं काही बिघडलं नाही. दुसऱ्याने बिघडलं. एकाच शासकीय आदेशातल्या दोन ओळी.

या काळ्या शाईचा, ठरावाचा, इमारतीचा आणि नामांतराचा प्रत्येकाचा दिनांक ठाऊक आहे, करणारा ठाऊक आहे. यातलं काहीच आपोआप झालेलं नाही. जुनी म्हणून सोडून दिलेली जखम होती हे खरं, पण इथे प्रत्येक वेळी कुणीतरी नखाने खपली काढली आहे. खपली काढणं हा मराठीतला कर्ता असलेला वाक्प्रचार आहे, आणि मथळ्यात बसण्याइतका छोटाही आहे.

बेंगळुरूने हे मराठीच्याच बाबतीत पाहिलं असं नाही. उलट या शहराचा चिघळण्याचा मोठा इतिहास कावेरीच्या पाण्याचा आहे, आणि त्यापुढे सीमाप्रश्न धाकटा वाटावा. म्हैसूर आणि मद्रास यांचे करार १८९२ आणि १९२४ चे. लवाद १९९० मध्ये नेमला गेला. १९९१ च्या जूनमध्ये त्याने तमिळनाडूला वर्षाला २०५ टीएमसी पाणी सोडण्याचा अंतरिम आदेश दिला. मुख्यमंत्री बंगारप्पांनी तो मोडणारा अध्यादेश काढला, सर्वोच्च न्यायालयाने अध्यादेश घटनाबाह्य ठरवला, डिसेंबरात केंद्राने आदेश राजपत्रात छापला आणि दुसऱ्या दिवसापासून बेंगळुरूतल्या तमिळ वस्त्या पेटल्या. २०१६ च्या सप्टेंबरात तेच पुन्हा. न्यायालयाने ५ तारखेला रोज १५ हजार क्युसेक सोडायला सांगितलं, १२ तारखेला ते १२ हजारांवर आणलं, पण मुदत वाढवली. त्याच दिवशी समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून एका तमिळ तरुणाला मारहाण होतानाची चित्रफीत आणि चेन्नईत कन्नड माणसाच्या हॉटेलवर झालेल्या हल्ल्याची बातमी बेंगळुरूत एकदमच फिरत होती. संध्याकाळपर्यंत तमिळनाडूच्या एका बसकंपनीच्या आगारातल्या डझनावारी बस जळाल्या आणि १६ पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. पाणी कमी करणारा आदेश आला त्या दिवशी जाळपोळ झाली, ही त्यातली नोंद घेण्यासारखी गोष्ट. क्युसेकचा आकडा कुणी नीट वाचलेला नव्हता.

कावेरीच्या या भांडणात बेंगळुरूचा एक मराठी मुलगा पुरता सापडला. शिवाजीराव गायकवाड, जन्म १९५० चा, घरात मराठी, शहरातल्या बसवर कंडक्टर. जगाला तो रजनीकांत म्हणून माहीत आहे. एप्रिल २००८ मध्ये होगेनक्कल पाणीयोजनेवरून तमिळ चित्रसृष्टीने चेन्नईत उपोषण केलं. तिथल्या त्याच्या भाषणावर कर्नाटकात संताप उसळला. चार महिन्यांनी त्याचा 'कुसेलन' प्रदर्शित व्हायचा होता. तो कर्नाटकात लागू देणार नाही असं कन्नड संघटनांनी बजावलं. त्याने दिलगिरी व्यक्त केली. सिनेमा लागला, आणि मग तमिळनाडूत त्याच्यावर टीका सुरू झाली की माफी मागितलीच कशी. त्याच काळातलं अभिनेता सत्यराजचं भाषण तर नऊ वर्षं पडून होतं. २०१७ मध्ये 'बाहुबली'चा दुसरा भाग यायच्या तोंडावर ते उकरून काढलं गेलं आणि त्यात कट्टप्पाची भूमिका करणाऱ्या सत्यराजला जाहीर खेद व्यक्त करावा लागला. नऊ वर्षांत ते भाषण कुणाला झोंबलं नव्हतं. झोंबलं ते तिकीटविक्री सुरू व्हायच्या आठवड्यात. याला चिघळणं म्हणायचं असेल तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

करणाऱ्याचा शोध घ्यायचा म्हटलं तर घेता येतो, याचं उदाहरणही याच शहरात आहे. १९२८ मध्ये सुलतानपेठेतल्या सरकारी शाळेच्या आवारातल्या एका गणेशमूर्तीवरून वाद सुरू झाला. प्रकरण एका शाळेचं, पण विद्यार्थी रस्त्यावर आले, अटका झाल्या, धार्मिक दंगल झाली आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या कारभारावर प्रश्नचिन्ह लागलं. म्हैसूर दरबाराने चौकशी समिती नेमली आणि अध्यक्षपदी माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बसवलं. धरणं बांधणारा हा इंजिनियर. पाणी कुठून झिरपलं हे शोधायची त्यांना सवय होती. दंगल उसळली, वातावरण बिघडलं असं लिहून त्यांना मोकळं होता आलं नाही. कुणी काय केलं आणि शासनाने वेळेत काय केलं नाही हे पाहावं लागलं. बेळगाव-बेंगळुरूच्या कुठल्याही रात्रीबद्दल अशा तोलाची, दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी चौकशी झालेली नाही.

मग २०२१ चा डिसेंबर मथळ्याऐवजी तारखांनी वाचून पाहावा. त्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, मुख्यमंत्री येडियुरप्पांनी मराठा समाजासाठी ५० कोटींच्या महामंडळाची घोषणा केली होती. बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर होती आणि तिथे मराठा मतं मोठी. कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला राज्यभर बंद पुकारला. महामंडळ कर्नाटकातल्या मराठ्यांसाठी होतं, त्यांचा महाराष्ट्राशी संबंध नाही, हे सांगून सरकार थकलं. ते वातावरण तसंच राहिलं. १३ डिसेंबर २०२१ ला बेळगावात विधिमंडळ अधिवेशन सुरू झालं, समितीचा मेळावा भरला आणि तिथे समितीचे नेते दीपक दळवी यांच्या तोंडाला शाई फासली गेली. ही पहिली पायरी. कोल्हापुरातल्या निषेधात कन्नड ध्वज जाळला गेला, ही दुसरी. त्याचा सूड म्हणून बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्यावर शाई, तिसरी. अनगोळचा रायण्णा, चौथी. पाच दिवस, तीन शहरं. प्रत्येक पायरीवर मोबाइल घेऊन कुणीतरी उभं होतं. नाहीतर बेंगळुरूच्या एका चौकातली शाई सकाळी पाण्याने धुतली गेली असती आणि बेळगावला कळलीही नसती.

ज्यांच्यावर राग काढला गेला ते दोघेही या भांडणाचे पक्षकार नव्हते. शिवाजी महाराजांच्या वडिलांनी बेंगळुरूत कन्नड कवींना दरबारात बसवलं. संगोळ्ळी रायण्णा कित्तूरच्या चन्नम्मा राणीच्या बाजूने इंग्रजांशी लढला आणि १८३१ मध्ये नंदगडला फासावर गेला. नंदगड खानापूर तालुक्यात येतं, म्हणजे महाराष्ट्र ज्या भागावर दावा सांगतो त्यातच. बेंगळुरूच्या मुख्य रेल्वे स्थानकाला आज त्याचंच नाव आहे. बेळगावहून रात्रीच्या गाडीने निघालेला मराठी माणूस सकाळी त्याच नावाच्या फलाटावर उतरतो, आणि बेंगळुरूचा कन्नड माणूस सदाशिवनगरातून जाताना शिवरायांच्या घोड्याला वळसा घालतो. दोघांनाही त्यात एरवी काही वावगं वाटत नाही.

कन्नड संघटनांनी ३१ डिसेंबरला बंद पुकारला होता. आदल्या दिवशी मुख्यमंत्री बसवराज बोम्मईंशी बोलणं झालं आणि तो मागे घेतला गेला. म्हणजे जिन्यावरून खालीही उतरता येतं. या बातमीला मोठे मथळे मिळाले नाहीत. न चिघळलेल्या गोष्टीसाठी वृत्तपत्रांकडे क्रियापदच नाही.

पुढच्याच हिवाळ्यात पुन्हा तेच. महाराष्ट्रातल्या जत तालुक्यातल्या गावांवर बोम्मईंनी दावा सांगितला, ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणीही नवा दावा करायचा नाही, आणि दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मंत्र्यांनी बसून बोलायचं, असं ठरलं. २२ डिसेंबरला कर्नाटक विधिमंडळाने एक इंचही जमीन देणार नाही असा ठराव केला. २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळाने बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावं घेण्याचा निर्धार केला. १९५७ मध्ये ती ८१४ होती. दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले.